दान आणि नोंद

गेल्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या माझ्या नातवाने आदिलाबादच्या आमच्या घरी ओसरीवर एक खोका उघडला. आत पाच फासे, काही पेन्सिली आणि छापील कागदांचे गठ्ठे होते. प्रत्येक कागदावर एका भुयाराचा नकाशा होता. चौकोनी खोल्या एकमेकींना जोडलेल्या, प्रत्येक खोलीत एक आकडा, अधूनमधून एखादा राक्षस आणि कोठे कोठे रत्ने. रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन खेळकाराने रचलेला आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेला ‘डंजन्स, डाइस अँड डेंजर’ हा तो खेळ. नियम त्याने मला पाच मिनिटांत समजावले. फासे टाकायचे, त्यांतून दोन जोड्या लावायच्या आणि प्रत्येक जोडीच्या बेरजेचा आकडा ज्या खोलीत असेल ती खोली, पूर्वी ओलांडलेल्या खोलीला लागून असल्यास, पेन्सिलीने काटायची. एकाच दानावर सगळे भिडू खेळतात, परंतु प्रत्येकाचा कागद वेगळा भरत जातो.

सारीपाटावर वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला यात नवे काय दिसावे? फासे तर आपल्याकडे मोहेंजोदडोच्या उत्खननात सापडले आहेत. भुयाराचेही अप्रूप नाही. आमच्या भागात ज्या गावात गढी आहे त्या गावात ‘गढीखालून नदीपर्यंत भुयार आहे’ असे सांगणारा एक तरी म्हातारा असतोच. मला नवा वाटला तो कागद. डाव संपल्यावर नातवाने आपला कागद घडी घालून खिशात ठेवला. सारीपाटाचा डाव संपला की सोंगट्या पिशवीत जातात, कवड्या डबीत जातात, पट गुंडाळला जातो आणि कोण कसे खेळले याची कोठलीही खूण मागे राहत नाही. फाशांचे दान आणि त्याची नोंद यांचा आपल्याकडील संबंध कसा बदलत गेला, हा प्रश्न त्या घडीतून मनात आला. प्रस्तुत लेख त्याच प्रश्नाचा मागोवा आहे.

आरंभ ऋग्वेदापासून करावा लागतो. दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त अक्षसूक्त म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात जुगारात सर्वस्व गमावलेला माणूस आपली व्यथा सांगतो आणि शेवटी शेती करण्याचा उपदेश ऐकतो. त्याचे फासे म्हणजे बेहड्याची फळे. आदिलाबादच्या सागवानी अरण्यात बेहडा आजही मिळतो आणि त्याचे फळ हिरडा व आवळा यांच्याबरोबर त्रिफळा चूर्णात जाते. एके काळी तेच फळ लोकांना देशोधडीला लावीत होते, हे वैद्यांनाही क्वचितच ठाऊक असते. जर्मन पंडित हाइनरिश ल्यूडर्स यांनी १९०७ साली प्राचीन भारतीय द्यूतावर एक प्रबंध प्रसिद्ध केला. तेव्हापासून अभ्यासकांचा सामान्य समज असा आहे, की या फळांच्या राशीला चाराने भागीत. बाकी शून्य उरली तर कृत, तीन उरल्या तर त्रेता, दोन उरल्या तर द्वापर आणि एक उरली तर कली. चार युगांना आपण जी नावे देतो ती मूळची जुगाऱ्यांच्या बोलीतील आहेत. दान लिहून ठेवण्याची सोय नव्हती. पण भाषेने त्या दानांची नावे उचलली आणि विश्वाच्या कालगणनेवर कोरून ठेवली.

महाभारतातील नलाख्यान आम्हा पैनगंगाकाठच्या लोकांना जवळचे वाटते, कारण दमयंती विदर्भाची राजकन्या. तिच्या माहेरचे कुंडिनपूर म्हणजे वर्धा नदीवरील कौंडिण्यपूर, अशी परंपरा आहे. आमची पैनगंगा पुढे त्याच वर्धेला जाऊन मिळते. नल भावाशी द्यूत खेळून राज्य हरतो आणि बाहुक हे नाव घेऊन अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून दोघे विदर्भाकडे निघाले असता वाटेत बेहड्याचे एक झाड लागते. त्याच्या दोन फांद्यांवर २०९५ फळे आहेत, असे ऋतुपर्ण धावत्या रथातून सांगतो. नलाला विश्वास बसत नाही. तो रथ थांबवतो, खाली उतरून मोजतो आणि संख्या बरोबर निघते. मग अश्वविद्येच्या बदल्यात ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकवतो आणि त्याच क्षणी कली नलाच्या देहातून बाहेर पडून त्या बेहड्यात शिरतो.

इयान हॅकिंग या कॅनडातील तत्त्वज्ञाने संभाव्यतेच्या इतिहासावरील आपल्या १९७५ सालच्या ग्रंथात या कथेची आवर्जून दखल घेतली. युरोपात फाशांचे गणित पास्काल आणि फेर्मा यांच्या १६५४ सालच्या पत्रव्यवहारातून उभे राहिले. त्याच्या कितीतरी शतके आधी झाडावरची फळे मोजणे आणि फासे जिंकणे ही एकाच विद्येची दोन अंगे आहेत, हे येथील कथाकाराला उमगले होते. माझ्या दृष्टीने या कथेतील महत्त्वाची गोष्ट नलाचे रथातून उतरणे ही आहे. राज्य हरताना त्याने काहीच मोजले नव्हते. येथे तो प्रथमच मोजून पाहतो आणि कली त्याला सोडून जातो.

द्यूताची पहिली लेखी नोंद मात्र खेळाडूने ठेवली नाही; ती राज्यसत्तेने ठेवली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. जुगार एकाच ठिकाणी चालावा, फासे खोटे नसावेत आणि जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच भाग राजकोशात जावा, हे पाहणे त्याचे काम. त्याच्या वहीत रक्कम येत असणार. डाव कसा झाला, कोणी कोणती सोंगटी कोठे अडकवली, याच्याशी कोशाला कर्तव्य नव्हते.

बाराव्या शतकात हा प्रदेश कल्याणीच्या चालुक्यांच्या छत्राखाली होता. आदिलाबादजवळच्या जैनद येथील देवळातील शिलालेख परमार जगद्देवाचा आहे. हा जगद्देव चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयाला आला होता. विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला आणि राजाच्या विनोदांमध्ये बुद्धिबळ, फासे व कवड्या यांच्या खेळांना स्थान दिले. अक्षसूक्तात शोककारक असलेला विषय येथे दरबारी करमणुकीचा झाला. खेळाचे नियम लिहावेत, असे ज्यांना वाटले त्यांच्यात या राजाची गणना करावी लागेल.

आणि मग मराठी. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून आपण म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’कडे पाहतो. त्याचा काळ सुमारे १२७८. त्यातील नायक श्रीचक्रधर पूर्वाश्रमी गुजरातच्या प्रधानाचे पुत्र हरपाळदेव होते आणि त्यांना द्यूताचे व्यसन होते. एकदा ते मोठी रक्कम हरले. देणे फेडण्यासाठी त्यांनी पत्नीकडे, कमळाइसेकडे, दागिने मागितले. तिने नकार दिला. त्या नकारातून वैराग्य उपजले आणि रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून त्यांनी घर सोडले. पुढची कथा ऋद्धिपूरची आणि महानुभाव पंथाची. पंथाच्या परंपरेत पूज्य असलेले माहूर आमच्यापासून थोड्याच अंतरावर आहे. थोर पुरुषाचे हरणे अनुयायांनी झाकून ठेवले नाही, याचे मला नेहमी कौतुक वाटते. ज्या निष्ठेने त्यांनी वचने लिहिली त्याच निष्ठेने हे हरणेही लिहिले. दान उलटे पडल्याची मराठीतील इतकी जुनी आणि इतकी प्रामाणिक नोंद दुसरी मला माहीत नाही.

यानंतरचा टप्पा मोक्षपटाचा. हा खेळ ज्ञानेश्वरांनी रचला असे परंपरा सांगते. उपलब्ध पटांपैकी बहुतेक मात्र अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतील आहेत. डेन्मार्कचे अभ्यासक याकोब श्मिट-मॅडसन यांनी पश्चिम भारतातील या पटांवर २०१९ साली कोपनहेगन येथे प्रबंध सादर केला. वैष्णव पटांत बहुधा ७२ घरे असतात, जैन पटांत ८४. घराघरांत गुणांची, अवगुणांची, लोकांची नावे लिहिलेली असतात. चांगल्या घरातून शिडी वर नेते, वाईट घरातून साप खाली ओढतो. खेळाडूने काही ठरवायचे नसते. दान पडेल तितकी घरे जायचे आणि जे लिहिले असेल ते वाचायचे. येथे फासे आणि अक्षरे प्रथमच एका पटावर आली. पण अक्षरे आधीच लिहिलेली होती, आणि ती लिहिणारा कोणी दुसराच होता. हाच खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात गेला, शंभर घरांचा झाला, हळूहळू त्यातील नीतीची नावे गळाली आणि नुसते साप व शिड्या उरल्या. आपल्या पचिशीचेही तसेच झाले. १८९६ साली इंग्लंडात ‘लुडो’ या नावाने तिचे पेटंट घेतले गेले, आणि आज आमच्या गल्लीतील मुले तीच लुडो मोबाइलवर खेळतात.

भुयाराच्या खेळाचे कूळ वेगळे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात एक जण मनाशी भुयार रचतो, बाकीचे त्यात शिरतात, फासे संकटांचा निकाल देतात आणि भिडूंपैकी एक जण आलेख-कागदावर खोलीमागून खोली काढीत नकाशा तयार करतो. त्याआधी १९५६ पासून ‘यात्झी’ या खेळात फासे टाकून गुण कागदावर मांडण्याची रीत रूढ झालीच होती. या दोन धारा एकत्र आल्या आणि माझ्या नातवाच्या खोक्यातील खेळ जन्मला. मोक्षपटावर दुसऱ्याने लिहिलेले वाचायचे असते. येथे खेळाडू स्वतः लिहितो. सात ही बेरीज दोन फाशांवर छत्तीसपैकी सहा वेळा येते, दोन किंवा बारा छत्तीसपैकी एकदाच. तेव्हा बाराच्या खोलीवर भिस्त ठेवावी की सातांच्या लांब वाटेने जावे, हा निर्णय त्याचा. डावाअखेर त्याच्या हाती राहतो तो त्याच्या निर्णयांचा नकाशा.

येथवर मांडलेला इतिहास पुस्तकांतील आहे. आता ज्या घडीपासून लेख सुरू झाला तिच्याकडे वळतो, कारण या विषयात माझे स्वतःचे काही गमावलेले आहे.

नातवाचा खेळ संपल्यावर मी माळ्यावरची ट्रंक काढली. तिच्यात आईचा सारीपाट आहे. मखमलीवर शिवलेला, चार पट्ट्यांचा, मधले घर लाल. सोळा लाकडी सोंगट्या आहेत, त्यांतील एक हरवल्यामुळे तिच्या जागी चिंचोका आहे. सहा कवड्या आहेत आणि तीन लांबट हस्तिदंती फासे आहेत. फाशांना चारच बाजू असतात आणि त्यांवर एक, दोन, पाच व सहा ठिपके. नातवाने लगेच हिशेब केला. चार बाजूंचे तीन फासे म्हणजे चौसष्ट शक्यता. सहा कवड्या, प्रत्येक उताणी किंवा पालथी, म्हणजे पुन्हा चौसष्टच. दोन निराळी साधने एकाच संख्येवर येतात, हे मला इतक्या वर्षांत सुचले नव्हते. एक, सहा, सहा हे दान तीन रीतींनी पडते. म्हणजे चौसष्टांत तीनदा. सगळ्या कवड्या पालथ्या पडण्याची, म्हणजे एका प्रचलित रीतीप्रमाणे पंचवीस पडण्याची, शक्यता चौसष्टांत एक. अर्थात कवडी ही नाण्यासारखी समतोल नसते, त्यामुळे प्रत्यक्ष प्रमाण वेगळे येणार, हेही त्यानेच सांगितले.

एक, सहा, सहा या दानाला पोबारा म्हणतात. पो म्हणजे एक आणि दोन सहा मिळून बारा. आमच्या शेजारी दखनी-हिंदी बोलणाऱ्यांच्या तोंडी ‘पौ बारह’ म्हणजे भाग्य उघडणे; मराठीत ‘पोबारा करणे’ म्हणजे पळून जाणे. एकाच दानाचे एका भाषेत भाग्य झाले आणि दुसरीत पलायन. कवड्यांना तेलुगू शेजारणी गव्वलु म्हणतात. आईच्या डावात तिन्ही भाषा चालत असत, आणि कोणती कोणाची हे कोणी विचारीत नसे.

“आजोबा, याचे नियम कुठे लिहिलेत?” नातवाने विचारले. मी म्हणालो, “लिहिलेले नाहीत. पाठ आहेत.” आणि सांगू लागलो. सोंगटी बसवायला काय पडावे लागते, हे आठवले. दोन सोंगट्या एका घरात असल्या तर त्यांना मारता येत नाही, हे आठवले. लागोपाठ तीन पंचवीस पडली तर काय, येथे मी अडलो. मला वाटत होते, की तिन्ही धरतात. धाकट्या बहिणीला फोन केला. ती ठामपणे म्हणाली, “छे, तिन्ही जळतात. आई नेहमी जाळायची.” मला आई हसत तिन्ही मोजताना आठवते. बहिणीला तिचे बोट पटावरून सोंगटी मागे आणताना आठवते. आई १९९८ साली गेली. ज्यांच्याबरोबर ती खेळे त्या शेजारणीही आता नाहीत. आमच्यापैकी कोण बरोबर, हे सांगणारे कोणीही उरलेले नाही. कदाचित आई लहानग्यासाठी एक नियम आणि मोठ्यांसाठी दुसरा पाळत असेल. तसे असेल तर ते लिहिलेल्या नियमातूनही कळले नसते. पण निदान विचारण्याजोगे काही हाती राहिले असते.

नियम लिहिणारे आपल्याकडे झालेच नाहीत, असे नाही. औरंगाबादचे हरिकृष्ण शर्मा यांनी १८७१ च्या सुमारास ‘क्रीडाकौशल्य’ रचले आणि पट, फासे, पत्ते यांच्या अनेक खेळांची रीत त्यात दिली. निजामाच्या राज्यातील मराठवाड्यात बसून एका ज्योतिष्याला हे काम करावेसे वाटले, हा आपल्यासाठी अभिमानाचा विषय आहे. परंतु ग्रंथात खेळाची सर्वसाधारण रीत येते. प्रत्येक घराची रीत त्या घरानेच लिहायची असते. आमच्या जिल्ह्याला तर नोंदीचे महत्त्व वेगळ्याने सांगायला नको. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादमधून निघून मुंबई राज्यात गेले. आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो, २०१४ साली तेलंगणात आलो आणि २०१६ साली जिल्ह्याचेच चार जिल्हे झाले. निर्मळ, जेथल्या नक्काश कारागिरांनी खेळण्यांबरोबर गंजिफाही रंगवल्या, ते आता स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण आहे. गंजिफांचे संच संग्रहालयांत जपलेले आहेत. त्या कोणत्या घरात, कोणत्या बोलीत, कोणत्या पोटनियमांनी खेळल्या जात, हे सांगणारी घरे किती उरली असतील? जैनद आणि बेल्याकडे मराठी अजून घरोघर बोलली जाते. सीमेवरच्या भाषेचे बरेचसे वैभव पटावर आणि चुलीपाशी असते, सरकारी दप्तरात ते येत नाही. आणि खेळणारी पिढी गेली की ते सोंगट्यांसारखे पिशवीत जाते.

या लेखाच्या निमित्ताने मंडळाच्या सभासदांना एक विनंती करावीशी वाटते. आपल्या घरी सारीपाट, कवड्या, गंजिफा, काचकुयऱ्या, जे काही असेल ते खेळलेली आई, आजी, मावशी हयात असेल, तर तिच्याजवळ वही घेऊन बसावे. किती कवड्या, कोणत्या दानाला काय नाव, कोणते दान जळते, हरणाऱ्याने काय द्यायचे, हे तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे. शब्द तेलुगू असला तर तोही तसाच लिहावा. हे काम एका दुपारचे आहे.

मी स्वतः उशिरा का होईना सुरुवात केली आहे. नातवाने आपल्या भुयाराच्या कागदाची पाठ पुढे केली आणि मी सांगत गेलो तसे तो लिहीत गेला. इंग्रजी शाळेतला मुलगा. त्याचे देवनागरी अक्षर वेडेवाकडे आहे आणि ‘सोंगटी’त त्याने अनुस्वार दिलेला नाही. तेरा कलमे झाली. चौदावे कलम लागोपाठच्या तीन पंचविसांचे. तेथे त्याने आधी माझे म्हणणे लिहिले, त्याखाली त्याच्या आत्याआजीचे लिहिले, आणि समोर दोघांची नावे घातली. तो कागद आता पटाच्या घडीत ठेवला आहे.